तिच्या बाजूची काच

मार्लीनने गाडीचं दार उघडलं, दोन्ही बूट एकमेकांवर आपटून बर्फ झटकला आणि मगच पाय आत घेतले. ड्वेनला गाडीत चिखल चालत नसे. तसं तो कधी बोलला नव्हता, पण पायाखालच्या रबरी चटया दर शनिवारी धुतलेल्या असत. माणूस बोलत नसला की त्याच्या चटया बोलतात.

"ये, ये. तुझ्या बाजूची काच खरवडून ठेवलीय," तो म्हणाला.

त्याच्या स्वतःच्या दाराच्या काचेवर बर्फाचा थर तसाच होता. आरसा दिसण्यापुरतं हाताएवढं भोक पाडलेलं, बस्स. आधी तिची काच, मग वेळ उरला तर आपली. ऑक्टोबरात तिची गाडी बंद पडली आणि तो तिला न्यायला येऊ लागला, तेव्हापासून हाच क्रम.

"तुझी राहिली की."

"वितळेल ती. मला कुठे शेतं बघायचीत? तू बघ."

गाडी गावाबाहेर पडली. दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली शेतं, त्यांवर बर्फ, आणि मधूनच एखादं लाल कोठार. तासाभराचा रस्ता. या तासाभरात मार्लीनला एक वाक्य बोलायचं होतं. ड्वेन, आपल्या गटाने तुझं नाव काढून टाकलंय. एवढंच. शाळेतलं पोरही एका दमात म्हणेल. पण मागच्या शनिवारी जाताना ते राहिलं, येताना राहिलं, आणि आज शेवटचा शनिवार होता.

विद्यापीठ टेकडीवर आहे, विटांचं, वेलींचं, पोराटोरांचं. नोकरी करणाऱ्यांची शाळा मात्र खाली नदीकाठी, जिथे पूर्वी सोफ्या-पलंगांचं दुकान होतं तिथे. आमच्याकडे अजून लोक विचारतात, "काय, पलंगांच्या दुकानात शिकतोस का रे?" शनिवारी सकाळी तिथे नर्स, ट्रकवाले, बँकेतले कारकून, तुरुंगातले पहारेकरी असे सगळे हातात थर्मास घेऊन येतात आणि पन्नाशीला टेकलेली माणसं गृहपाठ झाला नाही म्हणून माना खाली घालून बसतात. हसू येतं, पण हसण्यासारखं नाही. ज्याच्या डोक्यावर कुठली तरी तलवार टांगलेली नाही असा कोणी तिथे येतच नाही.

ड्वेन टेस्मरच्या डोक्यावर होती ती कागदाच्या गिरणीची. तीस-बत्तीस वर्षं त्याने तिथे काढली आणि वसंतात गिरणी बंद होणार होती. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात एक जागा होती, तिथला साहेब त्याला ओळखत होता, पण पदवी हातात हवी होती. मार्लीन कुबियाक दवाखान्याच्या नोंदी सांभाळायची. नव्या साहेबाने तिला बोलावून गोड हसून सांगितलं होतं: उन्हाळ्यापर्यंत पदवी आणलीस तर विभाग तुझा, नाही तर जिला तू काम शिकवलंस तीच पोरगी तुझी साहेबीण. दोघांचाही हा शेवटचा विषय. 'गटात काम कसं करावं' असं त्याचं नाव, आणि पास व्हायला निदान बी ग्रेड लागत होती.

"आज गप्प आहेस," ड्वेन म्हणाला.

"वर्गात बोलायचंय ना आज. आवाज राखून ठेवते."

"हं. तेही आहेच."

त्याने मधल्या खाचेतला थर्मास तिच्याकडे सरकवला. तिने झाकणात कॉफी ओतली, आधी त्याला दिली, मग स्वतः घेतली. तो रस्त्याकडे बघत होता. त्याच्या अंगात गिरणीचंच जाड जाकीट होतं. सादरीकरणासाठी त्याने म्हणे भावाकडून टाय आणला होता. बॅगेत असेल, तिने मनाशी म्हटलं. बॅग कुठे दिसत नव्हती. डिकीत असेल.

त्या शाळेत सगळं गटातच करायचं असतं. कामावर आपण गटातच असतो, म्हणे. सुरुवातीलाच प्रत्येक गटाने आपला करार करायचा, कोणी टिवल्याबावल्या केल्या तर काय करायचं हेसुद्धा त्यात. यांच्या गटात चौघं: मार्लीन, ड्वेन, विमा कंपनीतली रोशेल आणि बँकेत कर्जं देणारा क्रेग लिंडाल. कलम क्रेगनेच घातलं. न कळवता दोन बैठका चुकवल्या तर नाव बाद. विषय शिकवणाऱ्या हॅलोरनबाईंनी कलम वाचलं आणि त्यावर आपली एक अट ठेवली.

"काढायचं असेल तर काढा. पण गटातल्या कोणीतरी त्या माणसाला समोर बसवून सांगायचं. फोन नाही, मेल नाही. तोंडावर सांगायची हिंमत नसेल तर काढू नका. न सांगता काढलंत तर सगळ्यांची एक ग्रेड खाली आणीन."

बाईंना वाटलं, या अटीमुळे कोणी कोणाला काढणारच नाही. बाई हुशार, पण आमच्या भागातल्या नव्हत्या. आमच्याकडे वाईट बातमी तोंडावर सांगत नाहीत. हवेचं बोलतात, बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकलंय का विचारतात, केकचा तुकडा पुढे करतात, निघताना दारात अर्धा तास उभे राहतात, आणि सांगायचं ते राहूनच जातं. मरणाची बातमीसुद्धा आमच्याकडे "जरा तब्येत बरी नव्हती" अशी सुरू होते.

ड्वेनची पहिली बैठक हरणांच्या शिकारीच्या मोसमात चुकली. मोसमाचा पहिला रविवार. त्या दिवशी आमच्याकडे चर्चमध्ये पाद्रीही घाईत असतो. कळवायचं काय त्यात? क्रेग शिकागोचा, त्याने ती गैरहजेरी मांडली.

दुसरी चुकली ती मार्लीनच्या तळघरात.

मोसमाचा शेवटचा रविवार होता. दुपारी तिचं घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी बंद पडली. बाहेर नुसतं नाक काढलं तर झोंबत होतं, आणि मिस्त्री म्हणाला उद्या येतो. तिने ड्वेनला फोन केला. तो जेवणावरून उठून आला, हत्यारांची पेटी घेऊन सरळ खाली उतरला आणि तिथूनच ओरडला.

"बैठकीची वेळ झाली ना? तू बस वर. त्यांना सांग, मी तुझ्या भट्टीखाली आडवा आहे. तासाभरात येतो म्हणावं."

मार्लीन स्वयंपाकघरात कोट घालून संगणकासमोर बसली. पडद्यावर क्रेग आणि रोशेल आले. बाईंनी त्याच आठवड्यात कच्चा मसुदा परत दिला होता, वर सी ग्रेड, आणि ड्वेनने लिहिलेली पानं लाल शाईने भरलेली. ड्वेन सावकाश लिहायचा आणि एकच गोष्ट तीनदा लिहायचा, हे खरंच होतं.

"आपले शिकारीबुवा कुठायत?" क्रेगने विचारलं. "शेवटचा दिवस ना आज? गेले असणार परत हरणामागे!"

रोशेल खदाखदा हसली. मग हसू आवरून म्हणाली, "हसू नका रे. हा बाबा आपल्याला घेऊन बुडणार आहे."

"दोन झाल्या," क्रेग म्हणाला. "म्हणजे न कळवता असेल तर. मार्लीन, तुला काही कळवलंय त्याने?"

खालून पाना आपटल्याचा आवाज आला. मार्लीनचं तोंड उघडलं होतं. सांगायला काय लागतं? खाली आहे, माझ्या घरी, माझंच काम करतोय. पण तिच्या डोळ्यांसमोर ती पोरगी आली, जिला फाइल कुठल्या कप्प्यात लावायची हे तिनेच शिकवलं होतं. आणि ती सी ग्रेड.

"नाही," ती म्हणाली. "मला काही बोलला नाही."

तेवढ्यात खाली घरघर झाली, भट्टी पेटली, आणि टेबलाखालच्या जाळीतून गरम वारा तिच्या पायांवर आला.

पुढचं झटपट झालं. तिघांनी हात वर केले, तिचा जरा उशिरा. सांगणार कोण? "मार्लीन, तू त्याच्याच गाडीतून येतेस. तूच सांग." ती बरं म्हणाली. मग ड्वेन हात पुसत वर आला, कपात चमचा फिरवणाऱ्या मार्लीनकडे बघत उभा राहिला.

"झाली चालू. काय म्हणाले सगळे?"

"काही नाही. नेहमीचंच."

"बरं," तो म्हणाला. कॉफी मात्र घेतली नाही त्याने त्या दिवशी. आई वाट बघत असेल म्हणाला आणि गेला.

त्यानंतरच्या शनिवारी वर्ग नव्हता, मोठ्या दालनात कोण्या पाहुण्याचं भाषण होतं. ड्वेन तिच्या शेजारीच बसला होता. क्रेगने दुरून भुवया उडवून विचारलं, सांगितलंस? तिने मान डोलावून हो म्हटलं. सोमवारी तिने बाईंना मेलही केली: सांगितलं, समजूतदारपणे घेतलं त्याने. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ते हे. आता आज ड्वेन वर्गात शिरला, आपली पानं काढून उभा राहिला आणि बाईंनी विचारलं, तुम्ही इथे कसे, की संपलंच. त्याचं तर संपलेलंच होतं. आता तिचंही.

"भट्टी कशी चाललीय?" ड्वेनने विचारलं.

मार्लीन दचकली. कॉफीचे दोन थेंब तिच्या हातमोज्यावर पडले.

"छान. एकदम छान. घर कसं ऊबदार आहे."

"गाळणी बदल महिन्यातून एकदा. विसरू नकोस." त्याने पुढच्या ट्रकला वाट दिली. "आणि गरम हवा वर नेणाऱ्या त्या पत्र्याच्या नळ्या जुन्या झाल्यात तुझ्या. सांधे सुटलेत सगळे. वरचं सगळं खाली ऐकू येतं."

ती हातमोज्यावरचे थेंब पुसू लागली.

"सगळंच. तू कपात चमचा फिरवलास तोही," तो म्हणाला. "उन्हाळ्यात बघू. पट्टी मारून देतो."

रस्ता सरळ होता. मार्लीनने थर्मासचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. आपण ऐकलं ते त्याने खरंच म्हटलं की आपलंच मन खातंय? त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. चेहरा नेहमीसारखाच, हनुवटीवर दाढी करताना कापल्याची एक बारीक रेघ. ऐकलं असतं तर कोणी असं बसेल? शिव्या घालेल, भर रस्त्यात उतरवेल. गाडीत घेऊन, काच पुसून, कॉफी पाजून कोण नेतं? नाही ऐकलं. नळ्यांचं बोलतोय बिचारा, नळ्यांचंच. तिने स्वतःची समजूत घातली, आणि तिला ती पटलीही.

"आईने निळा ड्रेस काढून ठेवलाय," ड्वेन थोड्या वेळाने म्हणाला. त्याची आई वृद्धाश्रमात राहायची आणि तिने मुलाच्या पदवीचं तिथल्या खोल्याखोल्यांत सांगून ठेवलं होतं. "समारंभाला घालायचा म्हणून. आता काय सांगायचं तिला."

"का? काय झालं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. गाडी चालवताना तो कधी रस्त्यावरून नजर काढायचा नाही, पण तेव्हा काढली, आणि जरा जास्तच वेळ. आता, मार्लीनच्या मनात आलं. आता सांग, मेले, आता. तिने श्वास घेतला.

"रस्त्यावर मीठ टाकलंय वाटतं आज," ती म्हणाली.

ड्वेनने नजर पुन्हा पुढे वळवली.

"हो. टाकलंय," तो म्हणाला. "काही नाही, निळा तिला बसत नाही आता. वाळलीय फार."

शहर आलं, पूल आला. पूर्वीच्या दुकानाच्या मोठ्या काचांसमोर त्याने गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. मागच्या सीटवरून एक जड पिशवी काढून तिच्या मांडीवर ठेवली. शेवटच्या दिवशी वर्गात प्रत्येकाने घरून काहीतरी खायला आणायचं असतं. पिशवीत त्याने स्वतः धुरी देऊन केलेलं हरणाचं सॉसेज होतं, चीजचा ठोकळा होता, आणि फडक्यात गुंडाळलेली सुरी.

"हे घेऊन जा. मी गाडी लावतो."

"तूच आण ना."

"घे गं. पातळ काप, नाहीतर चावत बसतील."

ती उतरली. दार लावण्याआधी तो वाकून म्हणाला, "चांगलं होईल तुझं."

"आपलं," ती सवयीने म्हणाली.

"हं," ड्वेन म्हणाला.

वर्गात टेबलावर केक, बटाट्याचं सॅलड, बरण्या असं मांडून झालं होतं. क्रेगने टाय सरळ करत तिला बाजूला घेतलं.

"आला नाही ना तो?"

"नाही."

"तू सांगितलंस म्हणून सुटलो. मला नसतं बुवा जमलं. मी तर शेजाऱ्याचं कुत्रं भुंकतं तेही अजून सांगितलेलं नाही."

मार्लीन दाराकडे तोंड करून बसली. दार उघडलं की ती खुर्चीतून अर्धी उठायची. एक नर्स आली, एक उशीर झालेला ट्रकवाला आला, झाडूवाला डबा न्यायला आला. गाडी लावायला इतका वेळ? जागा मिळाली नसेल. टाय बांधत असेल आरशात. त्यांच्या गटाचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली ती दाराकडे बघतच.

बोलली मात्र झकास. तिच्या वाट्याला आला होता तो भाग मूळचा ड्वेनचा: रात्रपाळीचा माणूस घरी जाताना सकाळच्याला काय सांगून जातो त्याचा. नाव काढलं तरी भाग ठेवला होता. रोशेलने तो नीट करून लिहिला, वर "एका कामगाराचा अनुभव" असं घातलं. मार्लीनचा आवाज कुठे कापला नाही. भीतीने माणूस कधी कधी फार छान बोलतो. टाळ्या पडल्या. ए ग्रेड मिळाली, बाईंनी तिथल्या तिथेच सांगितलं. रोशेलने तिला मिठी मारली, क्रेगने लहान मुलासारख्या मुठी हवेत उडवल्या.

मग सगळे खाण्यावर तुटून पडले. मार्लीन सॉसेज कापत उभी होती, पातळ. क्रेगने एक चकती तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"अरे देवा. कोणी केलंय हे?"

"दिलं एकाने," मार्लीन म्हणाली.

"एकाला सांग, अजून दे म्हणावं."

हॅलोरनबाई हातात बशी घेऊन तिच्याजवळ आल्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावायची सवय.

"मार्लीन, एक मिनिट. तुमच्याशी बोलायचंच होतं. मी बुधवारी ड्वेनला फोन केला होता."

सुरी थांबली.

"ज्याला काढलं त्याला मी नेहमी विचारते. सांगितलं का, कसं सांगितलं. लोक खोटं बोलतात हो. घाबरतात आणि खोटं बोलतात, पाहिलंय मी." बाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. "मी त्याला म्हटलं, तुला कोणी समोर बसवून सांगितलं नसेल तर मला सांग, आत्ताच्या आत्ता तुझं नाव परत घालते. तर म्हणाला, नाही नाही, मार्लीनने सांगितलं. गाडीत. घाई नाही केली, म्हणाला. तिलाच बिचारीला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं."

मार्लीनने सुरी फडक्यावर ठेवली. ती नीट सरळ राहावी म्हणून पुन्हा उचलून पुन्हा ठेवली.

"असं म्हणाला?"

"असंच. मला इतकं बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझी अट कोणी मनापासून पाळली असेल तर तुम्ही." बाईंनी एक चकती उचलली. "वाईट वाटतं त्याचं. पुढच्या वर्षी शरदात परत हाच विषय घेता येईल त्याला."

"शरदात," मार्लीन म्हणाली. गिरणी वसंतात बंद होणार होती. पाणीपुरवठ्याची जागा शरदापर्यंत काय त्याच्यासाठी झाकून ठेवणार होते?

"मी विचारलं, मग शनिवारी येणार नाहीस ना? तर म्हणाला, येणार तर. मार्लीनची गाडी बंद आहे, तिला सोडायला दुसरं कोण आहे? बाहेर बसतो म्हणाला." बाई हसल्या. "बोलवा ना त्याला आत. काहीतरी खाऊ द्या."

"बोलावते," मार्लीन म्हणाली.

ती मोठ्या काचेपाशी गेली. पूर्वी तिथे लोकांना दिसावेत म्हणून पलंग मांडून ठेवायचे. बाहेर बारीक बर्फ पडत होतं. समोरच्या ओळीतच त्याची गाडी उभी होती, मागून धूर निघत होता. तो आत बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जसा काही अजून रस्त्यातच आहे. नगरपालिका गेली, पदवी गेली, म्हातारीचा निळा ड्रेस कपाटात परत गेला, आणि हा हिच्यासाठी गाडी गरम ठेवून बसला होता. जाऊन दार उघडायचं होतं फक्त. बसायचं होतं. पुढचा एक तास तिला त्या माणसाशेजारी बसायचं होतं आणि तो काही म्हणणार नव्हता. थर्मास पुढे करणार होता.

तिने त्याला शिव्या घालताना मनात ऐकून पाहिलं. तसं झालं असतं तर ती गेली असती. शपथेवर गेली असती.

"निघायचं?" क्रेग कोट घालत मागे आला. त्याने काचेतून पाहिलं आणि शीळ घातली. "अरेच्चा. तोच आहे ना? तुला न्यायला आलाय? कमाल आहे बुवा. तुला किती अवघड होत असेल." त्याने आवाज खाली घेतला. "चल, मी सोडतो. मला तसंही तुझ्या गावावरूनच जायचंय. माझी गाडी मागच्या दाराशी आहे, जिथून पलंग चढवायचे तिथे."

बाहेर ड्वेन गाडीतून उतरला होता. हातात खरवडणी होती. गाडीला वळसा घालून तो पलीकडे गेला आणि तिच्या बाजूची काच साफ करू लागला.

"त्याला काय सांगू?" मार्लीनने विचारलं.

"काही सांगू नकोस. कळेल त्याचं त्याला."

तिने पिशवी आवरली. सुरी धुऊन फडक्यात गुंडाळली आणि फडकं टेबलावरच ठेवलं, केकच्या रिकाम्या डब्याशेजारी, कोणीतरी त्याला देईल म्हणून. घरी पोचल्यावर फोन करायचा, सगळं सांगायचं, असं तिने ठरवलं. ठरवल्यावर तिला जरा हलकं वाटलं. हॅलोरनबाई दुसऱ्या कोणाच्या दंडाला हात लावून बोलत होत्या. मार्लीन क्रेगच्या मागून सामानाच्या दाराने बाहेर पडली.

क्रेगची गाडी इमारतीला वळसा घालून पुढच्या रस्त्याला लागली. तिथून गाड्यांची ती ओळ दिसत होती. ड्वेनने काच साफ करून संपवली होती. मग बहुधा कुठे डाग राहिला असावा, कारण तो वाकला, काचेवर तोंडाची वाफ सोडली, जाकिटाच्या बाहीने पुसलं, आणि सरळ होऊन पुढच्या दाराकडे बघत उभा राहिला. डोक्यावर बर्फ पडत होतं. टोपी गाडीतच राहिली होती.

क्रेगची नजर बाजूच्या आरशाकडे गेली.

"तुझ्या बाजूची काच पार धुरकटलीय गं. काही दिसत नाही. जरा पुसतेस का?"

"राहू दे," मार्लीन म्हणाली.